चौथी वाट

उलानबातर. खुर्ची क्रमांक अकरा.
बाहेर उणे एकतीस,
खिडकीच्या काचेवर कोळशाच्या धुराची पिवळी साय.
खुर्चीत गोंबोसुरेन, वय सदुसष्ट.
वाळवलेल्या दह्याचा खडा चावताना
वरच्या डाव्या दाढेचा टवका उडाला, म्हणतात,
आणि खिशातून तोच खडा काढून दाखवतात,
पुरावा म्हणून.

आम्ही चौघं. गुण मात्र एकच.
डॉक्टर दुलमांचा नियम:
ज्याचं काम सगळ्यांत कच्चं
त्याचा आकडा चौघांच्या नावापुढे.
"शिकवा एकमेकांना," त्या म्हणतात,
"मी दाताच्या कण्या करून थकले."

मागच्या महिन्यात तो आकडा माझा होता.
खालच्या दाढेत भोक पाडलं, भलतीकडेच.
तेव्हापासून सारनाईने माझ्यावर दात धरलाय.
तरी सोमवारी तिनेच मला भूल द्यायला शिकवलं,
आधी संत्र्यावर,
मग तुगुल्दुरच्या हिरडीवर.
दुपारभर त्याच्या अर्ध्या तोंडातून चहा गळत होता.
तो माझा गृहपाठ.

"घोड्याचं वय कसं बघतात माहीत आहे?"
गोंबोसुरेन विचारतात. आम्हाला माहीत नाही.
"दोघं लागतात.
एक जीभ बाजूला ओढून धरतो, एक बघतो.
आणि बघणारा गावभर सांगतो,
मी ओळखलं."
एन्खजिन हसते आणि त्यांच्या दाढेभोवती
निळं रबर ताणून बसवते.
आता ते फक्त हाताने बोलू शकतात.

तीन नळ्या सापडल्या, अर्ध्या तासात.
तुगुल्दुर एक्स-रेसमोरून हलत नाही.
"एवढं रुंद मूळ, आणि नळी एकच?
मला पटत नाही."
सारनाई शोधते. पाणी, हवा, पुन्हा पाणी.
सारनाईला सापडत नाही
असं मी चार वर्षांत पहिल्यांदा बघते
आणि, खोटं कशाला बोलू,
मला बरं वाटतं. क्षणभरच.

आरसा माझ्या हातात.
माझा हात कापतो, हे सगळ्या वर्गाला माहीत आहे.
तो कापला, आरसा तिरका झाला,
आणि दाताच्या उंबरठ्याखाली
एक ठिपका,
सुईने कागदाला टोचावं एवढा.
गेला.

"दिसली."
"कुठे?"
"तालूच्या बाजूला. नाही, थोडं पुढे. थांब."
"मला काही दिसत नाही, ओयुन."
कुठे, हे सांगणं
बघण्यापेक्षा अवघड असतं.
मी सांगत राहिले, ती चुकत राहिली,
एन्खजिनने सक्शनची नळी जराशी वर उचलली,
तुगुल्दुरने दिव्याची मान वळवली,
आणि सारनाईने सगळ्यांत बारीक फाइल
माझ्या शब्दांवर टेकवली.

अडकली.
तिने काढली नाही. माझं बोट ओढून
फाइलच्या दांड्यावर ठेवलं.
"हे बघ. अशी धरून ठेवते ती.
लक्षात ठेव."
ओल्या चिखलातून बूट सुटत नाही, तसं काहीतरी.
रबराखाली गोंबोसुरेन यांनी
कशासाठी कोण जाणे, अंगठा वर केला.

संध्याकाळी फॉर्म भरायचा होता.
चौथी नळी: होय.
शोधणाऱ्याचं नाव: एवढीशी चौकट,
एकच नाव मावेल अशी.
एन्खजिन म्हणाली तुगुल्दुर, तुगुल्दुर म्हणाला ओयुन,
मी सारनाईकडे पाहिलं,
सारनाई घड्याळाकडे.
चौकट अजून कोरी आहे. उद्या दुलमा ओरडतील.

जाताना गोंबोसुरेन यांनी
सुन्न ओठांनी काहीतरी म्हटलं, कळलं नाही,
आणि तो दह्याचा खडा टेबलावर ठेवला. आम्हाला.
चौघांनी तो उलटसुलट करून पाहिला.
आपला दात कोणी पुढे करेना.
मग तुगुल्दुरने तो खारट चहाच्या कपात टाकला,
एकाच कपात,
आणि आम्ही वाट बघत बसलो
मऊ होण्याची.