हिपरग्याचा समुद्र

क्लबच्या वहीचं पहिलं पान वाळवीनं खाल्लंय,
म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून:
सभासद सात, काठ्यांचे संच चार,
खर्च: मुरूम, कुदळी, बाभळी तोडायची मजुरी.
आणि वर निळ्या शाईत, ठसठशीत,
'सी-साइड गोल्फ क्लब, सोलापूर'.

समुद्र इथून किती लांब, ते विचारू नका.
गिरणीतला विणाईमास्तर मॅक्रे
कुठल्याशा गार किनाऱ्यावर वाढलेला.
हिपरग्याच्या तळ्यावर एका संध्याकाळी वारा सुटला,
पाणी दगडांवर आपटलं,
आणि तो टोपी हातात धरून बराच वेळ उभा राहिला.
एवढंच कारण.
बाकीचे सहा हसले, आणि वर्गणी भरली.

हिरवळ नव्हतीच.
या रानात गवत मार्गशीर्षापर्यंत तगतं, फार तर.
मग भोकांभोवती वाळू पसरली,
गिरणीतलं जळकं तेल ओतून चोपली,
आणि त्या काळ्या चकत्यांना 'ग्रीन' म्हणायचं ठरलं.
ठराव तिसरा. एकमताने.

पिशव्या उचलायला पोरं होती:
यल्लप्पा कोंपल्ली, हुसेन, म्हेत्र्यांचा शिवलिंग.
दिवसाला दोन आणे,
चेंडू हरवला तर एक कापायचा.
पाण्यात गेलेला चेंडूही हरवलेलाच.
यल्लप्पा घरी तेलुगूत सांगायचा,
मी समुद्रावर कामाला आहे.
मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली आई
धोटा न थांबवता म्हणायची,
मग येताना मीठ आण.

त्यानं एकदा ओंजळभर पिऊन पाहिलं.
गोड.
कुणाला बोलला नाही.

मग एक साल कोरडं गेलं.
तळं आत आत सरकलं.
वहीत नोंद आहे: 'समुद्र मागे हटल्याने
सातवे भोक ऐंशी पावले लांबविले.'
तडकलेल्या गाळात चेंडू उघडे पडले,
कोंबडीनं अडगळीत घातलेल्या अंड्यांसारखे.
पोरांनी उन्हात दोन दिवस वेचले. मॅक्रेनं मोजून घेतले:
एकशे अकरा.

कापलेले आणे परत दिले का?
वहीत नाही.
साखर पेठेत यल्लप्पाचा नातू भेटला, टॉवेलच्या गठ्ठ्यांवर बसलेला.
आण्यांचं त्यालाही ठाऊक नाही.
पण चेंडू, म्हणाला, एकशे बारा होते.
एक आजोबांनी आईला नेऊन दिला.
तिनं हातात फिरवून पाहिला,
आणि ठेवला
मिठाच्या मडक्यात.