इतिवृत्त

दिनांक टाकलाय, सभेचा क्रमांक टाकला नाही.
कुणाच्या वहीतला टाकावा?
उद्धव घनवटच्या संघाच्या झाल्या सतरा सभा,
सिद्धोधन खंदारेच्या मंडळाच्या चौदा,
आणि चिटणीस मी दोन्हीकडे होतो आळीपाळीनं,
म्हणून दोन्हीकडच्या शिव्या खाल्लेला.

जिंतूरला, आमच्या शाळेच्या व्हरांड्यात
दोन वॉटर कूलर उभे आहेत, शंभर-शंभर लिटरचे.
एकावर संगमरवरी पाटी : माजी विद्यार्थी संघ, दहावी १९९४.
दुसऱ्यावर पितळी : माजी विद्यार्थी मंडळ, दहावी १९९४.
विजेचा पॉइंट एकच.
सोम ते बुध हा, गुरू ते शनी तो,
असं हेडमास्तरांनी ठरवून दिलं
आणि फळ्यावर लिहून ठेवलं,
सुविचाराच्या जागी.

भांडण कशावरून, विचाराल तर सांगतील :
स्नेहमेळाव्याच्या मंगल कार्यालयाचं भाडं,
अकरा हजार तीनशे चाळीस,
पावती आहे, पावती नाही.
अकरा वर्षं मीही तेच लिहीत आलो.

पण चौऱ्याण्णवच्या जानेवारीत
विद्यापीठाच्या पाटीवरचं नाव वाढलं
आणि आमच्या वर्गातले बाक रातोरात सरकले,
हे कुठल्याच वहीत नाही.
मधल्या सुट्टीत मी माझा डबा
सिद्धोधनच्या डब्याशेजारून उचलला,
खिडकीपाशी नेला.
कुणी सांगितलं नव्हतं.
लोणच्याचं तेल फडक्यावर उतरलं होतं,
तो डाग आठवतो.

मार्चअखेर पॉइंट जळाला.
शेख मुबीनला बोलावलं.
बसस्टँडमागं मोटारी भरतो तो,
बीजगणितात दोनदा गेला,
म्हणून संघात नाही, मंडळात नाही.
कलम तीन : सभासद दहावी उत्तीर्ण असावा.
आख्ख्या घटनेत या एकाच कलमावर
दोन्हीकडचं एकमत.

मुबीननं दोन्ही कूलरच्या पाठी उघडल्या,
बोट आत घातलं, फिरवलं, बाहेर काढून बघितलं.
"लेकाहो, कोरडे हायेत दोन्ही.
बोअर आटून महिना झाला.
पोरं घरून बाटल्या आणायलेत.
तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

सांगितलं असेल.
आम्ही पाट्या पुसत होतो.

कुशावर्ता ढोबळे नगरपरिषदेत
पाण्याच्या खिडकीला बसते. तिनं फोन लावला,
कुणाला काय बोलली माहीत नाही,
चार वाजता टँकर फाटकात.
पाइप टाकीपर्यंत पोचेना.
मग बादल्या.
अठ्ठेचाळिशीची माणसं लोखंडी शिडीवर,
एकाचा गुडघा, एकाची शुगर,
आणि रांग लावताना कुणी बघितलंच नाही
की वरच्या पायरीवर सिद्धोधन
आणि त्याच्या खाली उद्धव.
"हळू. सांडतंय," उद्धव म्हणाला.
अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.
सिद्धोधन काही बोलला नाही.
रिकामी बादली खाली देताना मात्र
कडी उद्धवच्या बाजूला फिरवून दिली.

मिठी वगैरे कुणी मारली नाही.
सातवीतली एक पोरगी आली,
ग्लास भरला, प्याली,
पाणी अजून कोमटच होतं,
पाटी न वाचता वर्गात गेली.

ठराव एक : कलम तीन रद्द.
जो या शाळेत एक दिवस बसला, तो सभासद.
सूचक, अनुमोदक : सगळेच एकदम बोलले, नावं लिहिता आली नाहीत.
मुबीनला फॉर्म दिला.
तो म्हणाला, आधी पॉइंटचे दीडशे द्या.
दिले. पावती घेतली.

ठराव दोन : पाट्यांचं काय?
आवाज चढले. कुशावर्ता उठून गेली, परत आली.
वेळेअभावी विषय पुढील सभेत.

अध्यक्षांच्या सहीची जागा
जरा रुंद सोडलीय.

डब्याचं सिद्धोधनला अजून सांगितलं नाही.
शिडीखाली तो हात पुसत उभा होता,
मी शेजारीच होतो, वही काखेत धरून.
विषयपत्रिकेवर नव्हतं.