शेवटचे दोन फेरे

ट्रॅक्टर मालकाचा, मी नुसता चालवतो.
औंदा मुरूडच्या शिवारात
भानुदासराव म्हणाले, धुऱ्यापर्यंत सगळं सोयाबीनच.
पैसे लिंबाखाली मोजून दिले.

ते दुसरी बॅग आणायला वळले
तशी सोजरकाकू आली.
पदराच्या गाठीतली शंभराची नोट,
अंडी विकून आलेली, घामानं मऊ.
"शेवटचे दोन फेरे यंत्र उचलून घे.
विचारलंच तर म्हण, नळी तुंबली."

तिफणीच्या काळात असं सांगावं लागत नसे.
मोघ्यावर बाईचीच मूठ,
कुठल्या तासात काय पडलं
ते उगवेपर्यंत कुणाला ठाऊक?

नळी तुंबली.

भादव्यात बाजारात दिसली,
पोत्यावर मूग, शेजारी अंबाडीच्या जुड्या,
मापट्यानं मोजत होती.
मोंढ्यातली पट्टी निघते भानुदासरावांच्या नावानं.
मापट्याला पावती नसते.

एक जुडी माझ्या पिशवीत टाकत म्हणाली,
"मालक म्हणतेत, पुढल्या साली
चार फेरे सोडू मुगाला. भाव बरा हाय.
मोंढ्यावर तेच नेणार."

हसली नाही.
खाली पडलेले दाणे वेचत राहिली.
मग विचारलं,
"घरामागच्या परड्यात वळतं का रे तुझं यंत्र?"

नाही वळत, काकू.

"मग ब्येस."