साठ ते सत्तर

फॉर्मवर प्रश्न होता : पुढे कोणती शाखा घ्याल?
आमच्या बॅचमध्ये चौतीस जणींनी लिहिलं, ऑर्थो.
तारा लावायच्या, फोटो काढायचे, आधीचा, नंतरचा.
कवळीला कोण विचारतं?
खैरनारनं रकान्यात मेणबत्ती काढली
आणि खाली लिहिलं, बोटं भाजतात.

भाजतात हे खरं.
रात्री दोनला हॉस्टेलच्या खोलीत
स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेण,
नखाएवढे अठ्ठावीस दात आणि मी.
एक सरळ करावा तर शेजारचा फिरतो.
मार्क किती पडतील, एवढंच डोक्यात.
ते कुणाच्या तोंडात जाणार आहेत
हे, खरं सांगते, आठवतच नव्हतं.

सकाळी खुर्चीत पुंजाजी गायखे, पळशाचे.
पहिल्या बसनं आलेले, कानटोपीसकट.
तोंडाचं बोळकं. ओठ आत गेलेले,
नाडी ओढलेल्या बटव्यासारखे.
बोलले तरी अर्धं हवेत जायचं,
त, द, स
टेकायला जागा शोधत.

मी मेणातले दात बसवले आणि वहीत होतं तसं म्हटलं :
बाबा, साठपासून सत्तरपर्यंत मोजा.

त्यांनी कानटोपी काढली.
पाठ ताठ. पंजा वर.
साठ! एकसष्ट बोला, एकसष्ट, बासष्ट,
मागून कोण? त्रेसष्ट, चौसष्ट आली, पासष्ट...
शेजारच्या खुर्चीतला पेशंट गुळणी टाकायची विसरला.
एकतीस वर्षं पंचवटीच्या मार्केट यार्डात
या माणसानं टोमॅटोचे लिलाव पुकारलेले.
केस पेपरवर माझ्या अक्षरात होतं :
व्यवसाय, काही नाही.

सहासष्टला शिट्टी वाजली.
ते थांबले. जिभेनं चाचपून म्हणाले,
"इथं वजन कमी पडतंय ताई. ह्या दोघांच्या मागं."
पुस्तकात याला पाऊण पान आहे.
माझं पाठ होतं.
सुरी तापवली, पुढच्या दोन दातांमागे
थेंबभर मेण सोडलं.
पुन्हा सहासष्ट. पुन्हा.
चौथ्या वेळी स नीट टेकला
आणि ते निघाले, सदुसष्ट, अडुसष्ट,
सत्तरला थांबलेच नाहीत.
एक्क्याऐंशीला मीच हात धरला :
बाबा, मेण आहे, मऊ पडेल.

मंगळवारी येतील.
सरांची सही बाकी, प्लास्टर बाकी, उकळणं, घासणं,
आणि खालची कवळी हलेलच; खालची हलतेच.

फॉर्म ॲप्रनच्या खिशात आहे.
रकान्यावर मेण सांडलंय, गुलाबी.
सर म्हणाले, नवा घे.
मी म्हटलं, राहू द्या, हाच चालेल.