आडवा पाय

आजही दुकानाच्या दारात अडले.
आत केळी दिसतात, काळा पाव दिसतो,
काच आपोआप उघडते, मिटते, पुन्हा उघडते,
आणि माझे पाय उंबऱ्याशी.
जीव गुंतला की पाय निघत नाहीत म्हणतात,
पण पायपुसण्यात कोणाचा जीव गुंततो?

मग ओइवा आपला बूट माझ्यापुढे आडवा धरतो.
मी तो ओलांडते.
एवढंच. आलो आत.

मागच्या आठवड्यात एक पोरगा मागून ओरडला,
आजोबा, पाडताय काय त्यांना!
ओइवाला ऐकू कमी येतं.
टोपी किंचित उचलून तो म्हणाला,
उणे अठरा. संध्याकाळी अजून उतरेल.

एकतीस वर्षं मी कायानीत टपाल वाटलं.
कुठल्या घराची कितवी पायरी सैल,
कुठला कुत्रा नुसताच भुंकतो,
सगळं अजून पाठ आहे.
पायच विसरलेत की ते पाय आहेत.

चालत राहा, म्हणाली डॉक्टरीणबाई,
आणि एक घडीपत्रक दिलं.
त्यावर पांढऱ्या केसांचं जोडपं, सायकलवर, हसणारं.
इतके दात आम्हा दोघांचे मिळूनही भरणार नाहीत.

आमच्याकडे घसरखुर्ची आहे.
खुर्चीखाली दोन लांब पोलादी पट्ट्या;
एकाने बसायचं,
दुसऱ्याने मागे उभं राहून, एक पाय पट्टीवर,
दुसऱ्याने बर्फाला लाथ मारायची.
पाऊल टाकायचं विसरलेला माझा पाय
लाथ मारायचं विसरलेला नाही.
ओइवा म्हणतो, यात त्याला नवल वाटलं नाही.

घरापासून पुलापर्यंत तो.
पुलाशी त्याचा श्वास शिट्टी वाजवतो.
दोन स्टेंट आहेत छातीत, तिसऱ्याचं चाललंय.
तिथे आम्ही न बोलता जागा बदलतो.
तो बसतो, मांडीवर पावाची पिशवी,
आणि माझी अकराची गोळी तोवर चढलेली असते.
चाळीस मिनिटं.
चाळीस मिनिटं मी टपालवाली असते.

नोव्हेंबरात भांडलो.
त्याने न विचारता माझ्या कोटाची बटणं लावली.
मी कोट ओढून काढला, एक बटण चुलीखाली गेलं,
आणि दोन दिवस आम्ही फक्त गोळ्यांबद्दल बोललो.
सातची घेतलीस? घेतली.
तिसऱ्या सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा,
स्वतःचा कोट उघडा,
बोटं चांगली धडधाकट.
म्हणाला, माझी लाव.
पाच बटणं.
त्याने खिडकीबाहेर बघितलं नाही, घड्याळाकडेही नाही.
कॉफी गार झाली. चौथं मी चुकीच्या काजात घातलं.
तो तसाच बाहेर पडला, वाकडा,
शेजारच्या सिर्काला मुद्दाम थांबून भेटला.

माझं अक्षर बारीक होत चाललंय.
यादी मी लिहिते, तो दुकानात भिंग काढतो,
आणि तरी मासळीऐवजी मेणबत्त्या आणतो.
खूप मेणबत्त्या झाल्यात घरात.

रात्री तीनला मला कुशीवर वळता येत नाही.
तो वळवतो, जागा न होता,
ज्या हाताने चाळीस वर्षं
माझं पांघरूण ओढून घ्यायचा त्याच हाताने.
पांघरूण अजूनही ओढतो.

आज पुलाच्या पलीकडे तळं कडक गोठलेलं होतं,
वाऱ्याने बर्फ झाडून लख्ख ठेवलेला.
मी एक लाथ मारली. मग दुसरी.
समोर त्याचे लाल कान, टोपी वर सरकलेली,
पिशवी दोन्ही हातांनी घट्ट.
हळू, तो ओरडला. इर्मेली, हळू!
मला हळू म्हणून
कोणी सांगितल्याला किती वर्षं झाली.

मला ऐकू आलं नाही.