रांगेत अकरा

हर्णैच्या सोसायटीत प्रिंटर एकच होता
आणि तो शमीम होडेकरच्या टेबलावर होता,
म्हणजे तिचाच.
डिझेलची पावती, बर्फाचं बिल, बोटीच्या परवान्याचा अर्ज,
सगळं पेन ड्राइव्हवर घालून तिच्यापाशी यायचं.
पेन ड्राइव्हला खवले चिकटलेले.
त्यासाठी तिने एका डबीत
टूथब्रश ठेवला होता.

मला दापोलीहून बोलावलं.
नवा प्रिंटर बसवायचा डिझेलच्या खिडकीला लागून,
तीन खोल्यांतून कुणीही छापावं असा.
सर्व्हर कुठला, विचारलं.
सेक्रेटरी पावशांनी शमीमच्या जुन्या संगणकाकडे बोट केलं,
बोलले नाहीत.

झाकण काढलं तर पंख्यावर मीठ,
ओलं, गुळासारखं चिकट.
केबलची टोकं हिरवी पडलेली.
कापून नवी करायला घेतली:
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी,
आठही तारा चिमटीत सरळ धरायच्या,
एक हटकून सुटते.
बर्फखान्याचा हरेश्वर कुलाबकर दारात उभा राहून
तीन टोकं बघत होता. चौथ्याला म्हणाला, "आण इकडं."
जाळी शिवणारी बोटं.
उरलेली सहा त्याने केली,
माझ्यापेक्षा सुबक.

मग पत्ता.
राउटरच्या मर्जीवर सोडला तर
वीज जाऊन आली की पत्ता बदलतो,
आणि तिन्ही खोल्या जुन्या दाराशी हाका मारत बसतात.
म्हणून कायमचा द्यायचा. शेवटी पन्नास.
"म्हणजे नांगर," शमीम म्हणाली.
मी पुढचं समजावायला तोंड उघडलं होतं.
मिटलं.

चूक माझीच.
कंपनी तीच, ड्रायव्हर चालत होता,
म्हणून जुन्या प्रिंटरचं नाव तसंच ठेवलं,
पोर्ट तेवढा बदलला
आणि 'छपाई थांबवा' पुढची खूण काढली.
त्याआधी रांगेत कोण उभं आहे ते बघायचं असतं.

अकरा होती.
मागल्या फेब्रुवारीपासून अडकलेली.
डिझेलची दोन टोकनं.
'गुलनार'चं बर्फाचं बिल, जी बोट आता वेरावळला विकली गेलीय.
कुठल्याशा सभेची सूचना, सभा होऊन गेलेली.
तीन कोरी.
आठवं पान कुलाबकरने सवयीने उचललं
आणि लिलावात बोली पुकारतो तसं मोठ्याने वाचू लागला:
"मा. सेक्रेटरी यांस. मी, शमीम इस्माईल होडेकर,
घरगुती कारणास्तव सोसायटीच्या नोकरीचा रा..."
आणि तिथेच थांबला.

प्रिंटर थांबला नाही. नववं, दहावं, अकरावं.
खिडकीबाहेर डिझेलला उभे असलेलेही
बाहेर न बघता आत बघत होते.

"त्या दिवशी कागद अडकलेला," शमीम म्हणाली.
"ओढून काढीपर्यंत बोटी लागल्या.
सत्तर-ऐंशी पावत्या हातानं लिहिल्या.
मग ते राहून गेलं."
"राहून गेलं म्हणजे?" पावसे.
"म्हणजे राहिले."

तिने पान घेतलं, उलटं केलं,
कोरी बाजू बघून ट्रेमध्ये घातलं.
"चाचणीचं पान काढा," मला म्हणाली,
"कागद फुकट कशाला."

बर्फखान्यातून हुकूम दिला मी.
यंत्राने घसा साफ केला, पान आत ओढलं
आणि रंगांचे चौकोन, तारीख, पत्ता, शेवटी पन्नास
घेऊन बाहेर टाकलं.
काळा जरा फिकट होता.
पावशांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं
आणि विचारलं, हे कुठल्या फायलीत लावायचं.
कुणीच काही बोललं नाही.
शेवटी माझ्या बिलाला टाचलं.

पत्ता पट्टीवर लिहून प्रिंटरच्या पोटाशी चिकटवला,
वरून सेलोटेप, शाई इथे टिकत नाही.
निघताना म्हटलं, आता ती डबी नको तुम्हाला,
पेन ड्राइव्ह घेऊन कोण येणार.
ती ट्रेच्या कडेवरून ब्रश फिरवत होती.
"मीठ येईलच की," म्हणाली.