उभी रेघ

पाहणीवाल्या मॅडम म्हणाल्या,
फॉन्ट नको, खास चिन्हं नकोत,
फाइल कुठंही उघडली पाहिजे.
साध्या कळांवर बसवा सगळं.

नळेगाव रोडच्या झेरॉक्सच्या दुकानात
मग बसवलं.
ळ म्हणजे मोठा L. ण म्हणजे मोठा N.
चुलीतला च ts, चिमणीतला नुसता c.
आजवर एकाच रेशनकार्डावर होते दोघं,
इथं पहिल्यांदा वेगळी चूल मांडली.

हेडफोनमध्ये यल्लव्वा,
पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी.
दगड, पाणी, मामा, मीठ,
तिच्या बोलीत एकेक शब्द सांगत जाते.
मधेच छिन्नीचा ठोका येतो,
तो मी सोडून दिला.

प्रश्न सतरावा:
लेकरं घरी तुमची बोली बोलतात का?

च्क्.

जीभ दाताला टेकून सुटते, तेवढंच.
उदगिरात हे रांगत्या पोरालाही कळतं,
बाराखडीत मात्र त्याला घर नाही.
कळफलक दोनदा पालथा घातला.
शेवटी एंटरच्या वरती, धूळ खात,
एक उभी रेघ सापडली:
|

सोमवारी ती आधारची झेरॉक्स काढायला आली,
संगं नातू, इंग्रजी शाळेच्या टायमध्ये.
कागद दाखवला. रेघेवर बोट ठेवून म्हणली,
हे काय?
तुमचं 'नाही', म्हणलं.
"येवढं ताठ? म्या तं हळूच म्हणले होते."

नातवानं मान तिरकी करून वाचलं:
"वन."

तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि पुन्हा तेच केलं,
जे मला अजून
लिहिता येत नाही.